वाचून दाखविले, बरोबर आहे

आमच्या शेजारच्या खोलीत रोज सकाळी सात वाजता पाच-सहा माणसं भांडायची. एक म्हातारी रडायची, एक हवालदार दरडावायचा, एक दारुडा आईची शपथ घ्यायचा आणि एक डॉक्टर कंटाळलेल्या आवाजात जखमांची लांबी-रुंदी सांगायचा. आठवडाभर हे ऐकल्यावर मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "एकदा बघून तरी या." ते गेले आणि हसत परत आले. खोलीत एकच माणूस होता. बनियन आणि पायजमा घातलेला, हातात कागदांचा गठ्ठा धरलेला, उभा राहून मोठ्यानं वाचणारा. ते सोनकांबळे वकील.

ओजस, तन्वी, तुम्ही मागच्या वेळी फोनवर विचारलंत की आजी, तू कधी खरं कोर्ट पाहिलंस का. पाहिलं, एकदाच. पण त्याची गोष्ट या माणसापासून सुरू होते, म्हणून आधी त्यांची ओळख करून देते.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत. कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या माडीवर एक खातं, तर सिनेमाच्या गल्लीत दुसरं. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून लाल फडक्यात बांधलेले दप्तरांचे गठ्ठे अजून ट्रकनं येत होते. आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि पाऊस तर सलग तिसऱ्या वर्षी रुसलेला. पाटबंधारे खात्याच्या माणसाच्या घरी आठवड्यातून एकदा नळाला पाणी येई. आजोबा म्हणायचे, "हे कुणाला सांगू नकोस."

आम्ही आप्पांच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. आप्पांचं खाली आडत दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि जिभेवर सदा काहीतरी खवचट. गावात सोनकांबळ्यांना चार ठिकाणी आडनाव विचारून खोली नाकारली गेली होती. आप्पांनी आडनाव विचारलं नाही. फक्त अट घातली, "आवाज करणारा भाडेकरू नको." पुढे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, "एकटा म्हनून खोली दिली, तर ह्यो एकटाच सहा जनांचा आवाज करतोय." सकाळी दुकान उघडताना ते जिन्यातून हाक मारायचे, "काय वो वकील, आज सासू का सून?" वरून उत्तर यायचं, "आज फौजदार हाय आप्पा, सांभाळून ऱ्हावा."

मला ते भिंतीतून ऐकू येत, तशी मीही त्यांना ऐकू येत होते. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला टाइपरायटर माझ्याकडे होता आणि आजोबांचे अहवाल मी त्यावर टाइप करत असे. एके दिवशी वकील दारात उभे राहिले.

"वहिनी, आठ दिवस टकटक ऐकून राहिलो. टाइप तुम्ही करता का साहेब?"

"मी करते."

"इंग्रजी?"

"एम. ए. आहे मी इंग्रजीत. पुण्याला झाले."

"पुण्याला," ते मान हलवत म्हणाले. "म्हणजे मराठी पण येत असंल थोडी."

असे ते होते. मला राग यायला हवा होता; मी चहा टाकला. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकर न घालता प्यायला आणि त्याच दिवशी मला काम दिलं. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत लिहिल्या जातात. अपील वरच्या कोर्टात गेलं की त्यांचं इंग्रजी भाषांतर करून, टाइप करून, सगळे कागद एकत्र शिवून न्यायमूर्तींसाठी पुस्तक तयार करायचं. त्याला पेपरबुक म्हणतात. पुढची तीन वर्षं मी त्यांची पेपरबुकं केली.

मोठ्यानं वाचण्याचं कारण मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, कागद डोळ्यानं वाचला की आपल्याला पाहिजे ते दिसतं. कानानं वाचला की समोरचं माणूस काय बोललं ते ऐकू येतं." मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव देगलूरच्या बाजूचं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. एका वर्षी गावातल्या काही लोकांनी त्यांचं घर पेटवलं आणि आई तक्रार द्यायला गेली. त्या तक्रारीचं पुढे काहीच झालं नाही. वकील झाल्यावर सोनकांबळ्यांनी सगळ्यात पहिलं काम केलं ते त्या तक्रारीची नक्कल काढण्याचं. तिच्यात लिहिलं होतं, "माझे घर जळाले." खाली ओळ होती, "वाचून दाखविले, बरोबर आहे," आणि त्याखाली आईचा अंगठा.

त्यांनी ती नक्कल आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "म्या जाळलं म्हनलं व्हतं रे. जळालं कोन म्हनलं?"

जबानी कुठलीही असो, शेवटी ही ओळ असतेच. वाचून दाखविले, बरोबर आहे. ती दिसली की वकिलांच्या कपाळावर आठी पडे. "कुणी वाचलं?" ते कागदालाच विचारत. "कुणी ऐकलं?"

आता व्यंकटची गोष्ट.

औशाच्या पुढे एका गावात दुष्काळी कामावर पाझर तलाव खणत होते. मजुरांच्या पिण्यासाठी टँकरनं पाणी येई आणि पिंपात साठवलं जाई. एका दुपारी मुकादमानं ते पिंप आपल्या बैलांना पाजलं. दगडू नावाच्या मजुराची बायको उन्हानं चक्कर येऊन पडली होती. तिला द्यायला पाणी उरलं नव्हतं. दगडूनं हातातली पहार मुकादमाच्या डोक्यात घातली आणि मुकादम तिथंच मेला. दगडूनं केलं याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, दगडूच्याही नाही. त्याला जन्मठेप झाली. पण जन्मठेप दोघांना झाली होती. दुसरा त्याचा चुलतभाऊ व्यंकट, वय बावीस.

डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकच होती. कामावर पाणी वाटणारी म्हातारी काशीबाई. बाकीचे सगळे "आम्ही लांब होतो" म्हणाले. काशीबाईची साक्ष अशी होती: दगडूनं पहार मारली, मुकादम पडला, व्यंकट धावत आला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला, दगडूनं एकूण तीन वेळा पहार मारली. खालच्या कोर्टानं निकालात लिहिलं की व्यंकटनं मुकादमाला अंगाखाली दाबून धरलं आणि दगडूनं मारलं. म्हणजे दोघांचा बेत एकच, म्हणून शिक्षाही एकच.

व्यंकट स्वतः खरं काही बोललाच नव्हता. त्याच्या पहिल्या वकिलानं त्याला शिकवलं होतं, "मी तिथं नव्हतोच म्हण." तो तसं म्हणाला आणि ते कुणालाच पटलं नाही; अपिलात आता नवं काही सांगता येत नव्हतं.

व्यंकटची आई अपिलासाठी सोनकांबळ्यांकडे आली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, वर यायची नाही. आप्पा तिला दुकानातून गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि वर ओरडायचे, "वकील, म्हातारी आली बघा, सहा जनांचा आवाज बंद करा."

बाररूममधले लोक वकिलांची थट्टा करत. "सोनकांबळे, डोळ्यानं पाहिलेली बाई हाय. तिला खोटी पाडल्याबिगर काय करणार? अन् तिला खोटी पाडायला तुमच्याजवळ हाय काय?" वकील म्हणत, "अजून तिचं ऐकलंच नाही, खोटी कशी पाडू?"

आता माझी चूक सांगते. मी शिस्तीची बाई आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पण मला एक वाईट खोड होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की मी शेवट आधी वाचायची. त्या कागदांचंही मी तेच केलं. आधी निकाल वाचला, मग साक्ष. त्यामुळे काशीबाईच्या साक्षीतल्या "आडवा पडला" या शब्दांपाशी येईपर्यंत व्यंकटनं काय केलं हे मला आधीच माहीत झालेलं होतं. मी झोकात इंग्रजीत लिहिलं, "फेल अपॉन हिम." वाक्य किती नेटकं झालं याचा मला अभिमान वाटला. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, तुटून पडला, हल्ला केला. मी शेवटच्या पानावर "खरे व बरोबर भाषांतर" असं लिहून सही केली, आणि पेपरबुक औरंगाबादला खंडपीठात दाखल झालं.

सुनावणीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी वकील आमच्या व्हरांड्यात मूळ मराठी कागद घेऊन बसले होते. आमच्याकडे कामाला शेवंताबाई होती. ती मोरीत भांडी घासत होती. म्हणजे राखेनं घासून फडक्यानं पुसत होती, पाणी कुठलं. वकिलांनी काशीबाईच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. एकसुरी, थकलेला, वाक्याच्या शेवटी खाली जाणारा आवाज.

"दगडूनं पहार घातली. मुकादम पडला. येंकट पळत आला अन् त्येच्या अंगावर आडवा पडला. दगडूनं तीन डाव पहार घातली."

मोरीतला आवाज थांबला. शेवंताबाई म्हणाली, "मंग त्यो बी मेला का?"

"कोण?" वकिलांनी विचारलं.

"त्यो वाचवून राहिला व्हता त्यो."

मी म्हटलं, "शेवंताबाई, वाचवत नव्हता तो. त्यानं त्याला दाबून धरलं."

"कोन म्हनतं?" ती हात पुसत दारात आली. "दाबून धराया कुनी आडवं पडतं का वो? दाबून धरायचं तर छाताडावर बसतंय मानूस. आडवं पडतंय ते पांघराया. लेकराला मारून राहिलं कुनी तर आई आडवी पडती का न्हाई? तुमच्यात न्हाई का पडत?"

 वकिलांनी पेन्सिल कानावरून काढली, शब्दांखाली रेघ ओढली आणि पुढे वाचू लागले. मला वाटलं होतं, ते उडी मारतील. त्यांनी सगळी साक्ष शेवटपर्यंत, त्याच आवाजात, एक शब्द न गाळता वाचली. उलटतपासणीत पहिल्या वकिलानं काशीबाईला तिच्या खांद्याबद्दल विचारलं होतं. तिचा डावा खांदा अधू होता आणि मान नीट वळत नव्हती. तिला काही दिसलंच नसेल, असं त्याला दाखवायचं होतं. काशीबाईनं उत्तर दिलं होतं:

"जावई माझ्या लेकीला मारून राहिला व्हता. मी तिच्या अंगावर आडवी पडले. लाठी माझ्या खांद्यावर बसली. तवापासून मान वळत न्हाई. पर मुकादम म्होरंच व्हता, वळायचं काय काम."

वकील थांबले. "वहिनी, हे तुम्ही इंग्रजीत कसं केलं?"

मी माझी कार्बनप्रत काढली. चौदाव्या पानावर मी लिहिलं होतं, की तिनं स्वतःला मुलीच्या अंगावर झोकून दिलं आणि घाव झेलला. तेच दोन शब्द. तीच बाई, तोच दिवस, तेच कोर्ट. अकराव्या पानावर माझ्या इंग्रजीत ते खून होते आणि चौदाव्या पानावर माया.

 मी म्हटलं, "मी आजच दुरुस्ती करून देते. नवं पान टाइप करते, पुन्हा सही करते."

"नका करू."

"पण चूक आहे ती. माझ्या सहीखाली आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले. "तुम्ही आज बदललंत तर सरकारी वकील म्हणतील, शेजारीण हाय, पाहिजे तसं करून दिलं. मी कोर्टाला स्वतः सांगतो की या ठिकाणी भाषांतर चुकलं, मूळ वाचा. पण पान तसंच राहू द्या. शिकलेल्या, प्रामाणिक बाईला एका जागी एक दिसलं अन् दुसऱ्या जागी दुसरं. जज्जसाहेबांना बी तसंच झालं असंल. चूक खोडली की काय झालं होतं तेच कळत नाही, वहिनी."

मग त्यांनी वैद्यकीय कागद मागितला. मुकादमाच्या डोक्यावर दोन जखमा होत्या. काशीबाई म्हणाली होती तीन घाव. निकालात लिहिलं होतं, म्हातारी मोजायला चुकली. व्यंकटला अटक झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक लांब काळानिळा वळ नोंदवला होता. तो झटापटीतला, असं धरलं गेलं होतं.

वकिलांनी कागद खाली ठेवला. "दोन तिथं, एक हितं," ते म्हणाले. "म्हातारी मोजायला नाही चुकली." आणि मग, जणू स्वतःशीच, "सगळे मला सांगून राहिलेत, तिला खोटी पाड. अन् पूर्ण खरं तीच एकटी बोलली."

मी म्हटलं, "मग तिला जाऊन विचारा ना, काय म्हणायचं होतं ते."

"निकाल लागेपर्यंत तिच्या गावात पाऊल नाही ठेवायचं. साक्षीदाराला अपिलाच्या मधी भेटलो तर तिचा शब्द माझा होतो. तो तिचाच राहिला पाहिजे."

त्या दुपारी मी दोनदा भात करपवला.

सुनावणीला मी गेले. वकिलांनी बोलावलं नव्हतं. माझी सही असलेले कागद कुठं जातात ते मला पाहायचं होतं. आजोबा म्हणाले, "जाऊन ये, नाहीतर घरातली भांडी इतक्या वेळा घासशील की पाणी संपेल." पहाटेची एसटी, बीडमार्गे, दिवसभर धूळ. दुसऱ्या दिवशी मी खंडपीठात मागच्या बाकावर व्यंकटच्या आईशेजारी बसले होते. तिला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं. ती फक्त वकिलांच्या काळ्या कोटाच्या विरलेल्या कॉलरकडे बघत होती.

दोन न्यायमूर्ती होते. एक मराठी, एक दुसऱ्या राज्यातले. वकिलांचं इंग्रजी देगलूरच्या वळणाचं, शब्द जपून ठेवल्यासारखे एकेक खाली ठेवणारं. ते उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले की मी या साक्षीदाराच्या एकाही शब्दावर आक्षेप घेत नाही. सरकारी वकिलांनी मान वर करून पाहिलं. वकील म्हणाले, पेपरबुकाचं अकरावं पान आणि चौदावं पान शेजारी ठेवावं, आणि मग दोन्हींचं मूळ मराठी पाहावं. अकराव्या पानावर आमच्याच बाजूच्या भाषांतरात चूक आहे आणि ती मी मान्य करतो. मी खाली बघितलं.

"तुम्ही वाचा," मराठी न्यायमूर्ती म्हणाले.

आणि त्या उंच छताच्या खोलीत काशीबाई बोलली. तोच एकसुरी, थकलेला आवाज. माझ्या शेजारची बाई दचकली. ती ते बोलणं ओळखत होती. तीन वर्षं तिनं त्या बोलण्याला शिव्याशाप दिले होते. वकिलांनी दोन्ही जागा वाचल्या, मधे काहीही न बोलता. मग वळाचा कागद पुढे केला आणि बसले.

सरकारी वकील म्हणाले, आडवा पडला याचा अर्थ दाबून धरलं असाही होतो. साक्षीदाराला तिचा अर्थ कुणी विचारलेला नाही.

"हो," मराठी न्यायमूर्ती म्हणाले. "कुणी विचारला नाही." आणि त्यांनी चौदाव्या पानावर खूण केली.

निकाल काही आठवड्यांनी आला. दगडूची शिक्षा कायम राहिली. व्यंकट सुटला. पावणेतीन वर्षं तो आत होता.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी वकिलांनी मला म्हटलं, "चला वहिनी, आता जाता येतं." आम्ही औशाहून पुढे गाडी बदलून त्या गावी गेलो. वकिलांनी काखेत साक्षीची नक्कल घेतली होती. काशीबाईचं घर वस्तीच्या टोकाला. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि ती रिकामा हंडा घेऊन परतत होती. तिचा हंडा रांगेत शेवटी ठेवायचा, असं गावातल्या बायकांनी ठरवलं होतं. येंकटला हिनं आत घातलं म्हणून. तीन वर्षं तिला टँकरच्या तळातलं गढूळ पाणी मिळत होतं; त्या दिवशी तेही उरलं नव्हतं.

वकिलांनी सांगितलं की व्यंकट सुटला.

ती हंडा खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. "सुटला. बरं झालं," ती म्हणाली. "म्या तर त्येच्याच बाजूनं सांगितलं व्हतं. मला कळंना, त्येला शिक्षा कशापायी झाली. मला वाटलं, बाकीच्यांनी इरुद्ध सांगितलं असंल, अन् बाया उगंच माझ्यावर ढकलत्यात."

"बाकी कुणी काही बोललंच नाही, मावशे," वकील म्हणाले. "तुमच्याच बोलण्यावर शिक्षा झाली."

तिला ते समजायला वेळ लागला. तिनं वकिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुण्याची, इस्त्रीची साडी नेसलेली, हातात पर्स घेतलेली.

"माझ्या?" ती म्हणाली. "मंग मला इचारलं का न्हाई कुनी?"

  वकील तिच्यासमोर जमिनीवर बसले, चांगल्या पँटची पर्वा न करता. "चुकलं आमचं, मावशे," ते म्हणाले. मग त्यांनी नक्कल उघडली आणि तिची साक्ष तिला पहिल्या शब्दापासून वाचून दाखवली. तिच्या आवाजात नाही; त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या आवाजात वाचलं. ती मधेमधे मान हलवत होती. एका ठिकाणी म्हणाली, "बैल दोन न्हवं, तीन व्हते." वकिलांनी ते पेन्सिलीनं लिहून घेतलं, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी. खांद्याची जागा आली तेव्हा तिचा हात आपोआप खांद्यावर गेला.

वाचून झाल्यावर वकिलांनी विचारलं, "बरोबर हाय का?"

"हाव," काशीबाई म्हणाली. "आता बरोबर हाय."

आम्ही निघताना व्यंकटची आई कडेला उभी होती. तिच्या डोक्यावर भरलेली कळशी होती.  काशीबाईच्या रिकाम्या हंड्यात तिनं ती ओतली आणि गेली.

पुढे आजोबांची बदली नांदेडला झाली. लातूर सोडताना आप्पांनी वकिलांना म्हटलं, "आता टाइपवाली चालली, तुमचं कसं व्हायचं?" वकील म्हणाले, "आप्पा, तुम्ही शिका की." आप्पा चार दिवस त्या विनोदावर हसत होते. बऱ्याच वर्षांनी वकीलही मुलीजवळ नांदेडला राहायला आले; लातूरला ते एकटे असताना ती गावी आजीपाशी वाढत होती. नवीन पोरं त्यांच्याकडे कागद घेऊन यायची, आणि ते त्यांना दोनच गोष्टी सांगायचे: मोठ्यानं वाचा, आणि निकाल शेवटी वाचा. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचे डोळे माझ्याकडे वळत. नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. सहा माणसांचा आवाज असणारा तो माणूस खाटेवर गप्प पडून होता. मी दर गुरुवारी सकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. मी नेहमीसारखी सपाट वाचू लागले की त्यांचं उजवं बोट चादरीवर हलायचं. म्हणजे असं नाही, पुन्हा. मी पुन्हा वाचायची, बोलणाऱ्याच्या तोंडची बोली धरून. एकदा मी माझी जुनी कार्बनप्रत आणि नक्कल नेली आणि त्यांना काशीबाईची साक्ष वाचून दाखवली. "येंकट पळत आला अन् त्येच्या अंगावर आडवा पडला." दोनदा त्यांचं बोट हललं. तिसऱ्यांदा नाही हललं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी गेले तेव्हा मुलीनं दार उघडलं आणि मला आत न नेता ती दारातच माझ्या गळ्यात पडली.

कार्बनप्रतीतली ती दोन पानं माझ्या कपाटात तिसऱ्या खणात आहेत. अकराव्या पानावर माझी चूक तशीच आहे, खोडलेली नाही. मी गेल्यावर कपाट आवराल तेव्हा ती टाकू नका.

हे सगळं लिहून झाल्यावर मी शेवंताबाईला लातूरला फोन लावला आणि पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. मधे तिनं मला दोन ठिकाणी थांबवलं आणि मी ती दोन्ही वाक्यं बदलली. शेवटी म्हणाली, "समदं खरं हाय. पर तुमी अजून पुण्यावानीच बोलून राहिल्या."

तेव्हा, वाचून दाखविले. बरोबर आहे.